बाथरूमच्या भिंतीवर टाइल लावण्यापूर्वीची आखणी: पहिली टाइल चिकटवण्याआधी काय ठरवावे आणि कोणत्या क्रमाने

बाथरूमच्या भिंतींवर टाइल लावताना सर्वाधिक वेळा होणारी चूक एकच आहे. एका कोपऱ्यात, जमिनीला टेकवून, अख्खी टाइल लावली जाते आणि तिथून पुढे सरकत जाऊन शेवटी जे उरेल ते कापून बसवले जाते. दुसऱ्या टोकाचा तुकडा किती रुंद येणार, छताखाली काय उरणार आणि नळाची तोंडे टाइलच्या मध्यावर येणार की अगदी कडेवर, हे सगळे त्या पहिल्या टाइलनेच ठरून जाते, पण लावणाऱ्याला ते दोन दिवसांनी कळते. तोपर्यंत ॲडेसिव्ह सुकलेले असते.

माझ्या देखरेखीखालील एका कामात मी हे होऊ दिले होते. खडबडीत कोब्यावरून (टाइलखालच्या सिमेंटच्या थरावरून) माप घेतले, उतार धरला नाही, आणि छताखाली जी शेवटची पट्टी आली ती दाराजवळ ३८ मिमी व खिडकीपाशी ११ मिमी होती. अकरा मिलिमीटरची पट्टी कटरवर सरळ तुटत नाही, तिचे तुकडे उडतात. कारागिराने पक्कडीने कुरतडून, कानसेने घासून ती कशीबशी बसवली, पण आत पाऊल टाकताच नजर नेमकी त्या निमुळत्या पट्टीवरच जायची. शेवटी वरची पूर्ण रांग काढावी लागली. आखणीला अर्धा दिवस दिला असता, तर हे टळले असते.

पुढील टप्प्यांत एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळवून पाहता येतील. टाइल ३०० × ६०० मिमी असून ती उभी लावायची आहे. सांधा, म्हणजे दोन टाइल्समधली फट, २ मिमीचा आहे. दारातून आत पाहताना समोर दिसणारी भिंत गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत १६४० मिमी रुंद आहे. दाराजवळच्या तयार जमिनीपासून फॉल्स सीलिंगच्या तळापर्यंतची उंची २४६० मिमी आहे, आणि पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या कोपऱ्याकडे जमीन २५ मिमीने खाली उतरते.

## टप्पा १: मोजमापापूर्वीची तयारी

आखणी सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी नक्की झालेल्या असाव्यात. पहिली म्हणजे जमिनीची तयार पातळी. आज जो कोबा दिसतो, त्यावर जमिनीची टाइल आणि तिच्याखालचे ॲडेसिव्ह चढणार आहे, म्हणजे पातळी साधारण १३ ते १५ मिमीने वर येणार आहे. दुसरी गोष्ट उताराची दिशा आणि त्याचे प्रमाण. जमिनीला दर मीटरला साधारण १० ते २० मिमी उतार दिला जातो, त्यामुळे छोट्या बाथरूममध्येही दोन टोकांत २०-३० मिमीचा फरक सहज पडतो. तिसरी, फॉल्स सीलिंग असल्यास त्याची उंची. चौथी, कमोड, बेसिन, शॉवर, गीझर, आरसा यांची प्रत्यक्ष मापे. या वस्तू अजून खरेदी झालेल्या नसतील, तर निदान त्यांची मापे असलेले पत्रक तरी हातात असावे.

अवजारे फार लागत नाहीत: ओळंबा (उभी रेषा दाखवणारे, दोरीला टांगलेले वजन), लांब पाणसळ (आडवी पातळी पाहण्याची पट्टी), दोन मीटरची सरळपट्टी, गुण्या (काटकोन तपासण्याचे अवजार), लेव्हल नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) किंवा लेझर, रंगाची दोरी, पेन्सिल आणि दोन सरळ लाकडी काठ्या. काठ्या वाकलेल्या नाहीत हे त्यांच्या लांबीवरून नजर टाकून पाहून घ्यावे.

सावधान: वॉटरप्रूफिंगचा थर देऊन, पाणी साठवून त्याची चाचणी पूर्ण झाल्याशिवाय आखणी करू नये. चाचणीत गळती निघाली तर गिलावा फोडावा लागतो, आणि त्यासोबत आखणीही जाते.

## टप्पा २: भिंती ओळंब्यात आणि गुण्यात आहेत का, ते पाहा

प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी ओळंबा सोडावा: दोन्ही कोपऱ्यांजवळ आणि मध्यभागी. दोरी भिंतीपासून वर किती आणि खाली किती अंतरावर आहे, ते तिथेच भिंतीवर लिहून ठेवावे. त्यानंतर दोन मीटरची सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून तिच्या मागे किती फट दिसते ते पाहावे. ॲडेसिव्हच्या पातळ थरावर टाइल लावायची असेल, तर पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नसावी. जास्त असल्यास आधी गिलावा दुरुस्त करावा. भिंतीतला खड्डा ॲडेसिव्हच्या जाड लगद्याने भरून काढण्याची सवय अनेकांना असते. जाड थर सुकताना आकसतो, टाइल आत ओढली जाते आणि शेजारच्या टाइलशी तिची कड जुळत नाही.

कोपरा गुण्यात आहे का, हे लहान लोखंडी गुण्याने नीट कळत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६०० मिमी आणि दुसऱ्या भिंतीवर ८०० मिमी अंतरावर खूण करून दोन खुणांमधले तिरके अंतर मोजावे. ते १००० मिमी आले तर कोपरा काटकोनात आहे. अंतर जास्त आल्यास कोन उघडा आहे, कमी आल्यास मिटलेला आहे. हे माप जमिनीलगत, मध्यावर आणि वर असे तीनदा घ्यावे.

भिंतीची रुंदीसुद्धा तीन उंचींवर मोजावी आणि हिशेबात सर्वांत लहान माप धरावे. आपल्या उदाहरणातील १६४० मिमी हे असेच सर्वांत लहान माप आहे.

## टप्पा ३: टाइलचे खरे माप काढा आणि मापकाठी बनवा

खोक्यावर ३०० × ६०० छापलेले असते म्हणून टाइल तेवढीच असते असे मानू नये. वेगवेगळ्या खोक्यांतून दहा टाइल्स काढाव्यात आणि खोक्यांवरील छटेचा व मापाचा क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. त्या सपाट जमिनीवर, मध्ये स्पेसर (सांध्याएवढ्या जाडीचे छोटे तुकडे) घालून, एका रांगेत मांडाव्यात आणि पूर्ण रांगेची लांबी एकदाच मोजावी. टाइल खरोखर ३०० मिमीची असेल तर दहा टाइल्स आणि नऊ सांधे मिळून ३०१८ मिमी येतील. टाइल २९८.५ मिमीची असेल तर ३००३ मिमी येतील. एका टाइलमागे दीड मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण दहा टाइल्समध्ये पंधरा मिलिमीटर होतात आणि एखादी ठीक वाटणारी कड त्यातच बारीक पट्टी होऊन बसते.

याच वेळी दोन टाइल्स समोरासमोर, चेहऱ्याला चेहरा लावून धराव्यात. मध्ये टेकलेल्या आणि टोकांना फट दिसत असेल तर टाइलला बाक आहे. लांब टाइलला थोडा बाक असतोच. तो असताना आडव्या टाइल्स विटांप्रमाणे अर्ध्यावर सरकवून लावल्या, तर एकीचे उंच मधले अंग दुसरीच्या टोकाशेजारी येते आणि भिंतीवर तिरपा उजेड पडला की कडा दिसतात. अशा वेळी सरकवणे टाइलच्या एकतृतीयांश लांबीपेक्षा जास्त ठेवू नये.

आता मापकाठी. एका काठीवर टाइलची रुंदी, सांधा, रुंदी, सांधा अशा खुणा लागोपाठ कराव्यात. दुसरीवर उंचीच्या खुणा तशाच कराव्यात. खुणा करताना प्रत्येक वेळी मागच्या खुणेपासून मोजू नये, कारण पेन्सिलच्या टोकाची चूक साठत जाते. काठीच्या एकाच टोकापासून ३००, ३०२, ६०२, ६०४ असे मोजत जावे. ही काठी भिंतीला लावून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकवली की कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी लवकर उलगडा होतो. ज्यांना बेरीज-वजाबाकीचा कंटाळा असेल त्यांनी फक्त ही काठी नीट वापरली तरी निम्म्या चुका टळतील.

तपासा: सांध्याची रुंदी ठरली आहे का? कडा यंत्रावर घासून एकसारख्या केलेल्या टाइलला २ मिमी पुरतात, नैसर्गिक कडेच्या टाइलला ३ मिमी किंवा अधिक लागतात. सांधा न ठेवता टाइलला टाइल चिकटवून लावू नये. मापातला फरक सामावायला मग जागाच राहत नाही, आणि ग्राउट (सांधे भरण्याचा लगदा) आत शिरत नाही.

## टप्पा ४: चारही भिंतींवर एक आडवी आधाररेषा

सगळी उभी मापे ज्या रेषेपासून घ्यायची, ती आडवी रेषा जमिनीवरून किंवा छतावरून घेऊ नये. जमिनीला मुद्दाम उतार दिलेला असतो आणि छत सरळ असेलच असे नाही. दाराजवळ, जिथे तयार जमीन सर्वांत उंच असेल, तिथे तयार पातळीपासून बरोबर १००० मिमी वर एक खूण करावी. कोब्यावरून मोजत असाल तर वर चढणारी जाडी त्यात मिळवायला विसरू नये.

ही खूण लेव्हल नळीने प्रत्येक कोपऱ्यात न्यावी. नळीत हवेचा बुडबुडा असता कामा नये आणि वाचन घेताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले असावेत. एक टोक दाबलेले राहिले तर पाणी खोटी पातळी दाखवते. लेझर असेल तर काम सोपे आहे, मात्र यंत्र एकदा लावल्यावर हलवू नये. खुणा जोडून रंगाच्या दोरीने रेषा मारावी आणि चार भिंती फिरून पुन्हा पहिल्या खुणेवर यावे. शेवटची रेषा पहिल्या खुणेशी जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे. फरक मध्येच वाटून टाकण्याचा मोह टाळावा आणि सर्व खुणा पुन्हा घ्याव्यात.

## टप्पा ५: उभी विभागणी, म्हणजे रांगा कुठे येणार

उदाहरणात उंची २४६० मिमी आहे. जमिनीपासून अख्ख्या टाइलने सुरुवात केली तर चार रांगा आणि त्यांचे सांधे मिळून, तळाच्या ३ मिमी फटीसह, २४०९ मिमी होतात. मग वर एक सांधा जाऊन ४९ मिमीची पट्टी उरते. म्हणजे सहाशे मिलिमीटरच्या टाइलची जेमतेम तीन बोटे रुंद फाळी, तीही छताखाली, चारही बाजूंनी.

त्याऐवजी मध्ये तीन अख्ख्या रांगा ठेवाव्यात आणि उरलेली उंची वर व खाली वाटावी. तळाची फट ३, तीन रांगा व त्यांमधील दोन सांधे मिळून १८०४, आणि त्यांच्या वरचा व खालचा सांधा मिळून ४. एकूण १८११. वर-खाली मिळून ६४९ मिमी उरतात. खालची रांग दाराजवळ ३३० मिमी आणि वरची ३१९ मिमी ठेवली, तर दोन्ही तुकडे अर्ध्या टाइलपेक्षा मोठे येतात. उतारामुळे खालची रांग जाळीच्या कोपऱ्यात ३५५ मिमी होईल. हा २५ मिमीचा निमुळतेपणा मोठ्या तुकड्यात, जमिनीलगत, कोणाच्या लक्षात येत नाही. तोच छताखालच्या बारीक पट्टीत पडला तर लपत नाही.

फॉल्स सीलिंग असेल तर वरची टाइल सीलिंगच्या तळापाशी संपवू नये. ती ३० ते ५० मिमी आत न्यावी, म्हणजे कापलेली कड झाकली जाते आणि सीलिंगच्या कडेला फट दिसत नाही. छत उघडे असेल तर मात्र छताची पातळी आधाररेषेपासून चारही कोपऱ्यांत मोजून घ्यावी. छतच उतरते असेल, तर वरचा तुकडा शक्य तितका मोठा ठेवणे हाच उपाय आहे.

काही जण खाली अख्खी टाइल हवीच असा आग्रह धरतात. उतार असलेल्या जमिनीवर चारही भिंतींलगत अख्खी टाइल येऊच शकत नाही, कुठेतरी ती कापावीच लागते. म्हणून मी हा आग्रह मान्य करत नाही.

तपासा: ठरलेल्या सांध्यांची उंची आधाररेषेच्या भाषेत लिहून काढा. उदाहरणात दुसऱ्या रांगेचा तळ दाराजवळच्या जमिनीपासून ३३५ मिमीवर, म्हणजे आधाररेषेच्या ६६५ मिमी खाली आहे. त्यावरील सांधे ९३५, १५३७ आणि २१३९ मिमीपासून सुरू होतात. ही यादी भिंतीवर खडूने लिहून ठेवावी.

## टप्पा ६: आडवी विभागणी, म्हणजे कडेचे तुकडे किती रुंद

भिंतीच्या मध्यावर ओळंब्याने उभी रेषा मारावी. आता दोनच पर्याय आहेत: मध्यरेषेवर सांधा ठेवणे किंवा मध्यरेषेवर टाइलचा मध्य ठेवणे. दोन्ही करून पाहावेत.

मध्यावर सांधा ठेवला तर अर्ध्या भिंतीच्या ८२० मिमीमध्ये अर्धा सांधा, दोन अख्ख्या टाइल्स आणि त्यांच्या पुढचे दोन सांधे मिळून ६०५ मिमी जातात. उरतात २१५ मिमी. कोपऱ्यात ३ मिमी फट सोडून तुकडा २१२ मिमीचा येतो. मध्यावर टाइल ठेवली तर अर्धी टाइल, दोन अख्ख्या आणि तीन सांधे मिळून ७५६ मिमी जातात, आणि फट सोडून ६१ मिमीचा तुकडा उरतो. पहिला पर्याय सरळ चांगला आहे. दोन्ही कडांना सारखा आणि अर्ध्या टाइलपेक्षा मोठा तुकडा, ही कसोटी लावावी.

टाइल्स विटांप्रमाणे अर्ध्यावर सरकवून लावायच्या असतील, तर मात्र हे दोन्ही पर्याय एकाआड एक रांगेत येतात. एका रांगेच्या कडेला २१२ आणि तिच्या वरच्या रांगेच्या कडेला ६१. इथे पुष्कळ जण फसतात, कारण त्यांनी पहिल्या रांगेचाच हिशेब केलेला असतो. उपाय असा की पूर्ण मांडणी मध्यरेषेपासून पाव टाइलने, म्हणजे सुमारे ७५ मिमीने, एका बाजूला सरकवावी. मग एका रांगेत डावीकडे २८७ व उजवीकडे १३७ आणि दुसऱ्या रांगेत त्याच्या उलट येते. सगळे तुकडे बऱ्यापैकी मोठे राहतात आणि भिंत एकूण समतोल दिसते.

एखाद्या भिंतीवर बारीक तुकडा कशानेही टळत नसेल, तर तो दाराच्या मागे किंवा दारातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात ढकलावा. दारात उभे राहून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

## टप्पा ७: कोणती भिंत आधी, आणि कोपऱ्यात कोण कोणावर

दारातून थेट समोर दिसणारी भिंत आधी पूर्ण करावी आणि बाजूच्या भिंती नंतर. बाजूच्या भिंतींच्या टाइल्स समोरच्या भिंतीच्या कापलेल्या कडा झाकतात आणि कोपऱ्याची फट दारातून दिसत नाही.

याचा परिणाम मापावर होतो. टाइल ८ ते ९ मिमी आणि ॲडेसिव्ह ३ ते ४ मिमी धरले तर बाजूची प्रत्येक भिंत १२ मिमीच्या आसपास पुढे येते. म्हणून समोरच्या भिंतीवरील २१२ मिमीचा तुकडा प्रत्यक्षात सुमारे २०० मिमी दिसेल. इथे त्याने काही बिघडत नाही, पण तुकडा ५० मिमीचा असता तर ३८ मिमीच दिसला असता. बाजूच्या भिंतींची लांबी मोजतानाही समोरच्या भिंतीच्या तयार पृष्ठभागापासून मोजावी, गिलाव्यापासून नाही.

आतल्या कोपऱ्यांत ग्राउट भरू नये. दोन भिंती थोड्या वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउटला तडा जातो. तिथे ३ मिमी फट सोडून सिलिकॉन भरावे. जमीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीलाही हेच लागू आहे. बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर, म्हणजे पाइप झाकणाऱ्या खांबावर किंवा खिडकीच्या कडेला, कारखान्यातून आलेली अखंड कड ठेवावी आणि कापलेली कड आत न्यावी. तिथे धातूची कडपट्टी बसवायची असेल तर तिची जाडीही मापात धरावी.

आडवे सांधे चारही भिंतींवर एकाच उंचीवर आले पाहिजेत, यात तडजोड नाही. उभे सांधे जमिनीच्या सांध्यांशी जुळवायचे असतील तर ते जमिनीची टाइल भिंतीच्या टाइलइतकीच रुंद असेल तरच करावे. मापे वेगळी असताना ओढूनताणून जुळवायला गेले की दोन्हीकडे बारीक पट्ट्या येतात.

## टप्पा ८: नळ, कोनाडा, खिडकी

आता मापकाठी घेऊन प्रत्येक भोकाजवळ जावे. भिंतीवर बसणाऱ्या मिक्सरच्या दोन तोंडांमधले अंतर सहसा १५० मिमी असते. ही तोंडे सांध्याच्या दोन्ही बाजूंना ७५-७५ मिमीवर आली किंवा एकाच टाइलच्या मध्यापासून ७५-७५ मिमीवर आली, तर मांडणी सरळ दिसते. तोंड टाइलच्या कडेपासून ३० ते ४० मिमीच्या आत पडत असेल तर भोक पाडताना टाइल फुटण्याची भीती असते. अशा ठिकाणी तोंड हलवता येत नसेल तर पूर्ण मांडणी थोडी सरकवून पाहावी. तोंड बरोबर सांध्यावर आले तर उलट सोपे जाते, कारण दोन्ही टाइल्सना अर्धगोल काप देता येतो.

भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या झडपेच्या) कवचावर तयार पृष्ठभाग कुठे यावा याच्या किमान व कमाल खुणा असतात. गिलाव्यापासून १२ मिमी पुढे एक पट्टी धरून ती खूण मर्यादेत आहे का ते आत्ताच पाहावे. टाइल लागल्यावर डायव्हर्टर खोल गेल्याचे कळले, तर टाइल फोडण्यावाचून मार्ग राहत नाही.

शॉवरजवळच्या कोनाड्याची जागा शक्य तर सांध्यांवरून ठरवावी, आणि ती गिलाव्याच्या आधी ठरवलेली उत्तम. उदाहरणात ९३५ ते १५३७ मिमीच्या दरम्यान एका टाइलच्या जागी बसणारा कोनाडा ठेवला, तर एकही तुकडा न कापता त्याच्या चारही बाजू सांध्याला मिळतात. विटेतले भोक मात्र तयार मापापेक्षा प्रत्येक बाजूने १२ मिमी मोठे, म्हणजे रुंदीत व उंचीत २४ मिमी जास्त हवे. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्यावा.

खिडकीच्या कोपऱ्याभोवती टाइलला आतून खाच घालावी लागते. खाचेचा आतला कोपरा टोकदार ठेवला की तिथूनच चीर जाते, म्हणून आधी तिथे छोटे भोक पाडून मग दोन बाजूंनी कापावे. खिडकीची एखादी कड सांध्यावर आणता आली तर खाचेचीच गरज उरत नाही. त्यासाठी मांडणी २०-२५ मिमी सरकवणे मला नेहमीच परवडणारे वाटते, फक्त कडेचे तुकडे त्याने बारीक होत नाहीत ना, हे पुन्हा पाहावे.

## टप्पा ९: आखणीवरून टाइल्स मोजा

टाइल्सची संख्या क्षेत्रफळावरून काढणे ही दुसरी मोठी चूक आहे. समोरची भिंत सुमारे ४ चौरस मीटर आहे. एक टाइल ०.१८ चौरस मीटरची, म्हणजे साधारण २३ टाइल्स होतात, आणि दहा टक्के वाढवल्या तर २५-२६. आता आखणीवरून मोजा. प्रत्येक रांगेत चार अख्ख्या आणि दोन कापलेल्या अशा सहा टाइल्स, आणि एकूण पाच रांगा. तीस टाइल्स. अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा कापल्यावर जे उरते ते त्याच मापाच्या दुसऱ्या जागी बसत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला पूर्ण टाइल खर्च होते. उरलेले भाग खिडकीखाली किंवा दारावर वापरता येतात, पण त्यांवर विसंबून कमी मागवू नये. नंतर आणलेल्या खोक्याची छटा जुळेलच याची हमी नसते. या संख्येवर फुटतुटीसाठी काही जादा आणि भविष्यातील दुरुस्तीसाठी चार-पाच टाइल्स बाजूला ठेवाव्यात.

## टप्पा १०: भिंतीवर रेषा, आधारपट्टी आणि कोरडी मांडणी

काम दुसऱ्या रांगेपासून सुरू होते. तिच्या तळाची रेषा, उदाहरणात आधाररेषेच्या ६६५ मिमी खाली, सर्व भिंतींवर मारावी. त्या रेषेवर वरची कड येईल अशी सरळ आधारपट्टी बसवावी. लाकडापेक्षा ॲल्युमिनियमचा चौकोनी नळ बरा, कारण तो ओलाव्याने वाकत नाही.

सावधान: आधारपट्टी खिळ्यांनी ठोकू नये. शॉवरच्या भागातील प्रत्येक खिळा वॉटरप्रूफिंगला भोक पाडतो आणि ते भोक टाइलच्या मागे कायमचे लपते. पट्टी जमिनीवर ठेवलेल्या ठोकळ्यांवर आणि पाचरींवर टेकवून पातळीत आणावी.

त्यानंतर मध्यरेषेशिवाय प्रत्येक बाजूच्या शेवटच्या अख्ख्या टाइलची कडही उभ्या रेषेने आखावी. या रेषा ओळंब्याने घ्याव्यात, कोपऱ्यापासून मोजून नव्हे, कारण कोपराच तिरका असू शकतो. कापायच्या तुकड्यांच्या जागी फुली करावी आणि वरची व खालची दोन्ही मापे तिथेच लिहावीत.

शेवटी ॲडेसिव्ह न लावता दुसऱ्या रांगेच्या टाइल्स आधारपट्टीवर स्पेसरसह उभ्या कराव्यात, पडू नयेत म्हणून एकाने धराव्यात, आणि दुसऱ्याने दारात जाऊन पाहावे. कडेचे दोन्ही तुकडे सारखे दिसतात का, नळाची तोंडे खुणेवर आहेत का, टाइलवरची नक्षी किंवा रेघा एकाच दिशेने आहेत का. पट्टीवर पाणसळ ठेवून पाहावी, आणि टाइल्स ठेवल्यावर वजनाने ती खचली नाही ना, हे पुन्हा एकदा पाहावे. काही हलवायचे असेल तर याच वेळी हलवावे. खालची कापलेली रांग मात्र जमिनीची टाइल लागून झाल्यावर, आधारपट्टी काढून, तिच्यावर ३ मिमी फट सोडून सर्वांत शेवटी बसवावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी जमिनीच्या टाइलवर पडेल, तिच्या मागे शिरणार नाही.